आपोआप काही जमत नसतं

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी अकोल्याहून कुत्र्याचं एक पिल्लू घरी आणलं, आणि त्याच रात्री आमचा बोका घर सोडून गेला. तीन रात्री आला नाही. चौथ्या पहाटे आला तेव्हा उजवा कान फाटलेला, पोट पाठीला लागलेलं. मी हात पुढं केला तर तो मागं सरकला. तीन वर्षं माझ्या उशाशी झोपलेला जीव माझ्या हाताला घाबरला. ते मागं सरकणं अजून डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी अमरावतीची. गेली एकोणीस वर्षं बडनेरा ते अकोला अपडाऊन करते, अकोल्याच्या एका कार्यालयात लिपिक आहे. त्या कार्यालयाच्या सायकल स्टँडमागं फेब्रुवारीत एक गावठी कुत्री व्याली. पाच पिल्लं. त्यातलं एक नेमकं सरकीच्या ढेपेच्या रंगाचं, म्हणून त्याचं नाव घरी आणायच्या आधीच ठरलं : ढेप्या. ते पाच आठवड्यांचं असतानाच सगळे म्हणत होते, आताच घेऊन जा, लहान असलं की लळा लवकर लागतो. मी थांबले. पिल्लू आठ आठवडे तरी आईजवळ आणि भावंडांत राहावं, एवढं मला वाचून माहीत होतं. किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ मोडतो, हे त्याला भावंडंच शिकवतात. ते शिक्षण नंतर माणसाला देता येत नाही. केंद्र सरकारच्या २०१७च्या श्वानपैदास नियमांतही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. ते नियम धंदा करणाऱ्यांसाठी आहेत, सायकल स्टँडमागच्या कुत्रीसाठी नाहीत. पण आईची गरज दोन्हीकडं सारखीच.

एवढा विचार मी पिल्लाचा केला. घरातल्या मांजरांचा केला नाही.

घरी दोन मांजरं. मनी आठ वर्षांची, तिरंगी, आणि तिचाच मुलगा भुऱ्या, तीन वर्षांचा. मनी खरं तर सासूबाईंची. त्या दुपारी पोथी वाचत बसल्या की ती त्यांच्या मांडीला टेकून बसते, आणि त्या उठल्या की उठते. गाडीत मी पिल्लाची गोष्ट काढली तेव्हा मूर्तिजापूर येईपर्यंत डब्यातल्या सगळ्यांचं एकमत झालं होतं. "मॅडम, काही होत नाही. दोन दिवस भांडतीन, मंग आपोआप जमते." हे वाक्य त्या महिन्यात मी इतक्या जणांकडून ऐकलं, की ते मला अनुभवाचं वाटायला लागलं. आता वाटतं, ते अनुभवाचं नव्हतंच. आपल्याला कष्ट पडू नयेत म्हणून केलेली ती आपली सोय होती.

त्या शनिवारी एका सहकाऱ्याच्या गाडीतून ढेप्याला आणलं. संध्याकाळी सहाला त्याला बैठकीत, सगळ्यांच्या मधोमध, फरशीवर सोडलं. आम्ही गोल करून बसलो होतो, एका भाच्याच्या हातात मोबाइल होता. मनी दिवाणावर होती. तिच्या अंगावरचा केस न केस उभा राहिला, आणि पिल्लू शेपूट हलवत सरळ तिच्याकडं धावलं. त्याला काय माहीत? आईकडं जसं धावायचं तसं ते धावलं. मनीनं त्याच्या नाकावर पंजा मारला, रक्त आलं, ते किंचाळलं, आणि स्वयंपाकघरातून बाहेर आलेला भुऱ्या त्या किंचाळीनं खिडकीच्या गजांतून जो गेला तो गेलाच. हे सगळं घडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. आम्ही हसत होतो. मोबाइलमधल्या त्या चित्रफितीत माझं हसणं ऐकू येतं.

सासूबाई हसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "कुत्रं आणलं तं आणलं. पण मायी मनी आता कुठं बसन?"

तीन दिवस त्यांनी गच्चीवर दुधाची वाटी आणि पाण्याचं भांडं ठेवलं. एप्रिलचं वऱ्हाडातलं ऊन. दुपारी बाराला गच्चीच्या सिमेंटवर अनवाणी पाय ठेववत नाही. मी रात्री अकरापर्यंत गल्लीगल्लीत भुऱ्याच्या नावानं हाका मारत फिरले. शेजारचे काकाजी समजूत घालत होते, "येतेच ना मांजर, कुठं जाईन?" आणि मग तोच सल्ला : आला की दोघांना एका खोलीत कोंडा, एका दिवसात जमते. चांगल्या मनानंच सांगत होते ते. पण त्या रात्री हाका मारताना मला दर्यापूरकडचं माझं माहेर आठवत होतं.

मी नऊ वर्षांची असताना बाबांनी गोठ्यावर राखणीला कुत्रं आणलं. घरात धान्याच्या कोठ्यांजवळ राहणारी एक काळी-पांढरी मांजर होती. ती आणि कुत्रं दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी गड्यानं तिला पोत्यात घातलं, पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं आणि बैलगाडीतून पूर्णा नदीपलीकडं सोडून आला. मी विचारलं तर बाबा म्हणाले, तिकडं उंदरं लय हायेत, मजेत राहीन ते. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथं माणसालाच गोडं पाणी शोधावं लागायचं, मांजरीला ते कोण देणार होतं? बाबा क्रूर नव्हते. बैल म्हातारा झाला तरी त्यांनी विकला नव्हता. पण बैल त्यांच्या हिशोबात होता, मांजर नव्हती.

ही पोत्याची रीत गेली असं कुणी समजू नये. खेड्यात बैलगाडी होती, शहरात दुचाकी आहे, एवढाच फरक. कुत्रं आणलं, मांजराशी जमलं नाही, मग मांजर रातोरात बाजार समितीच्या आवारात नाहीतर एखाद्या तलावाकाठी. १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, भुकेनं-तहानेनं तडफडेल अशा ठिकाणी जनावर वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. अमरावतीच्या राजकमल चौकात एवढ्यात दोन जणांचा नाश्ता होत नाही. हा आकडा बदलायला हवा असं मी ठामपणे म्हणते; पण दंड वाढला तरी पोतं थांबेल असं नाही. ते थांबायचं तर पिल्लू घरात येण्याच्या दिवशी थांबतं.

भुऱ्या परतला, आणि आम्हाला वाटलं संकट टळलं. खरं संकट त्यानंतर आलं. तो कपाटावर चढून बसला आणि खाली उतरेना. पाणी खाली होतं आणि खाली ढेप्या होता. दोन दिवसांनी तो रेतीच्या घमेल्यात वारंवार जाऊन बसायला लागला, कुंथायचा, ओरडायचा आणि कोरडाच उठायचा. सासूबाईंना वाटलं पोट बिघडलं. मी सोडा-पाणी द्यायच्या विचारात होते. सुदैवानं आधी डॉक्टरांना फोन केला, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "बोका आहे ना? मग आत्ता घेऊन या. उद्या नको."

बोक्याची लघवीची नळी फार अरुंद असते. पाणी कमी पडलं, त्यात भीती आणि ताण आला, की मूत्राशयाला सूज येते, कण आणि चिकट गोळे साचतात आणि नळी तुंबते. तुंबून राहिली तर दोन-तीन दिवसांत मांजर दगावतं. मला हे माहीत नव्हतं. आठ वर्षं मांजरं सांभाळून माहीत नव्हतं. भुऱ्याला भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं, तीन दिवस रोज नेलं-आणलं. वाचला. त्या तरुण डॉक्टरबाईंनी मला रागावून नाही, अगदी शांतपणे विचारलं, "घरात नवीन काय झालंय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पिल्लाला घर दिलंत, बरं केलंत. पण ते याच्याकडून काढून दिलंत."

"आपोआप जमते" म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे : जोवर जमत नाही तोवरची किंमत कोण भरतं? पिल्लू भरत नाही. त्याला नवं घर, नवी माणसं, सगळाच आनंद असतो. माणूसही भरत नाही. ती भरतं आधीपासून तिथं राहणारं मुकं जनावर, आणि ते ओरडून सांगत नाही. ते खाणं कमी करतं, कपाटावर बसून राहतं, गादीवर मुततं. आणि त्याच्या त्या मुतण्याला आपण खोडी म्हणतो.

मग मी शिकायला बसले. कुत्रा-मांजराचं वैर जन्माचं, हे आपण म्हणीसारखं बोलतो. तेल अवीव विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी २००८मध्ये, घरात दोन्ही प्राणी असलेल्या जवळपास दोनशे कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे दोन तृतीयांश घरांत दोघांचं बरं चाललं होतं; उघड भांडण फार थोड्या घरांत होतं. मांजर आधी आलेलं असलं आणि दोघं लहान वयात भेटले, मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रं वर्षाच्या आत, तर जमण्याची शक्यता जास्त. म्हणजे ढेप्याचं वय बरोबर होतं, मनी-भुऱ्याचं निघून गेलं होतं. पण त्याहून मला पटली ती भाषेची गोष्ट. कुत्रं शेपूट हलवतं ते खुशीनं. मांजराची शेपटी इकडून तिकडं आपटते तेव्हा ते चिडलेलं असतं. कुत्रं पुढचे पाय पसरून खाली वाकतं ते खेळायला बोलवण्यासाठी. मांजराला ते झडप घालण्याआधीचं दबणं वाटतं. मांजर पंजा उचलतं ते "पुढं येऊ नको" म्हणून. पिल्लाला ते खेळाचं निमंत्रण वाटतं. त्या संध्याकाळी आमच्या बैठकीत दोघंही आपापल्या भाषेत अगदी नीट बोलत होते. दुभाषाचं काम माझं होतं, आणि मी हसत होते.

पुढचे सत्तेचाळीस दिवस मी वहीत लिहून ठेवले आहेत.

पहिलं काम दाराचं. मागच्या खोलीला कंबरेएवढं अर्धं जाळीचं दार बसवून घेतलं. मांजर ते सहज उडी मारून पार करतं, पिल्लाला करता येत नाही. ढेप्या आत, मांजरं बाहेर. दिसतात, वास येतो, पण अंगावर कुणी येत नाही. एका जुन्या पंचानं ढेप्याला पुसायचं आणि तो पंचा मांजरांच्या ताटलीखाली घालायचा. मनीचा पंचा ढेप्याच्या पोत्यावर. मांजर माणसालासुद्धा आधी वासानं ओळखतं, मग डोळ्यांनी. पहिल्या दिवशी मनीनं त्या पंचावर फुत्कारून ताटली सोडली. पाचव्या दिवशी तिनं त्यावर उभं राहून खाल्लं.

मग जेवणं. आमच्या घरी शहाबादी फरशी आहे, दोन-दोन फुटांची. मांजरांची ताटली जाळीपासून सात फरशांवर ठेवली आणि ढेप्याची जाळीच्या आत. दोन दिवस नीट गेले की एक फरशी पुढं. कुणी फुत्कारलं, खाणं सोडलं, की दोन फरशा मागं. भुऱ्या चौथ्या फरशीवर बारा दिवस अडला. एकदा ढेप्या भुंकला तर परत सहाव्यावर गेला. त्या बारा दिवसांत मला कितीदा वाटलं, आता पुरे झालं, उघडावं दार. नाही उघडलं. त्याचा कान रोज समोर दिसत होता.

हे सगळं पुस्तकात वाचायला सोपं, पण वऱ्हाडातल्या घरात एक अडचण येते, ती कुठल्याच पुस्तकात नाही. तिथं लिहिलेलं असतं, प्राण्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. आमच्याकडं मे महिन्यात घराला खोल्या किती हे विचारण्यात अर्थ नसतो. कुलर किती आहेत ते विचारावं. आमच्याकडं एक आहे. त्याच्यापुढं सासूबाई, मी, आणि दोन्ही मांजरं. उन्हाळ्यात सगळं घर त्या एका खोलीत गोळा होतं. २०२४च्या मेमध्ये अकोल्यात पारा ४५च्या पुढं गेला आणि उष्म्यापायी जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचा आदेश काढावा लागला, असा हा प्रदेश. इथं पिल्लाला मागच्या खोलीत नुसतं कोंडून ठेवणं म्हणजे त्याला भाजणं. म्हणून वेळा वाटून घेतल्या. दुपारी बारा ते चार कुलरची खोली मांजरांची आणि सासूबाईंची. ढेप्याला तेवढा वेळ न्हाणीच्या गार फरशीवर ओलं पोतं, वर टेबलफॅन, पाण्याचं जड दगडी भांडं, म्हणजे सांडत नाही. मी अकोल्यात असायचे तेव्हा दर तासाला पोतं भिजवायचं काम ऐंशीच्या घरातल्या सासूबाईंनी केलं. ज्यांना कुत्रं नको होतं त्यांनी केलं. रात्री उलट : ढेप्या माझ्या खाटेच्या पायाला बांधलेला, कुलरपुढं, आणि मांजरं गच्चीवर मोकळ्या हवेत, त्यांच्या पाण्यासह.

पाणी आम्ही तीन ठिकाणी ठेवलं, त्यातलं एक कपाटावर. आता कुठल्याही घरात मांजर पाहिलं की मी आधी पाणी कुठं आहे ते बघते.

आणि उंची. मांजराला जमिनीवरचं घर कमी पडलं तर वरचं घर लागतं. खाली न उतरता दिवाणावरून खिडकीत, खिडकीतून सज्ज्यावर जाता आलं पाहिजे. आमच्या बैठकीच्या भिंतीला लांब सज्जा आहे आणि त्यावर सासूबाईंच्या लग्नातली भांडी : तीन पितळी गुंड, दोन घागरी, एक कोपर. साठ वर्षांपासून ती तिथं ओळीनं आहेत. दिवाळीला चिंचेनं घासून परत त्याच जागी. मी ती हलवायला सांगणार नव्हते. एका दुपारी अकोल्याहून आले तर भांडी खाली खाटेखाली सरकवलेली, सज्ज्यावर जुनं लुगडं घडी करून घातलेलं, आणि लुगड्यावर मनी. कुणाकडून उतरवून घेतली विचारलं तर म्हणाल्या, "काकाजीच्या पोट्ट्यानं उतरवले. तिचं घर व्हय हे. हा तं आत्ता आला."

त्यांचं माहेर रिद्धपूरच्या बाजूचं, महानुभाव. रिद्धपुरात लिहिल्या गेलेल्या लीळाचरित्रातली सशाची गोष्ट त्यांनी मला त्या संध्याकाळी सांगितली : शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढून जीव घेऊन पळालेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरला, शिकारी मागायला आले, आणि स्वामींनी तो दिला नाही. कुत्र्यांनाही कुणी दोष दिला नाही त्या गोष्टीत, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. कुत्रं धावणारच. जो घाबरलेला आहे त्याला आधी जागा करून द्यायची.

स्वयंपाकघर शाकाहारी असल्यामुळे मांजरांचं खाणं पाकिटातलं. इथं एक गोष्ट सांगायला हवी. दूध-भाकरीवर मांजर जगतं हा आपला समज चुकीचा आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळावा लागतो; तो नसला तर डोळे जातात, काळीज दुबळं होतं. म्हणून कुत्र्याचं खाणं मांजराला पुरत नाही. उलट मांजराचं चरबीदार खाणं कुत्र्याला फार आवडतं आणि पोट बिघडवतं. ताटल्या वेगळ्या, आणि मांजरांची ताटली शेवटी कायमची खिडकीत.

त्याहून महत्त्वाचं गोचिडांचं. उन्हाळ्यात पिल्लाच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत गोचीड भरतात. आपल्याकडं सर्रास गोठ्यातलं गोचिडाचं औषध पाण्यात कालवून कुत्र्यालाही चोळतात, किंवा दुकानातून कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब आणतात. यातल्या अनेक औषधांत परमेथ्रिन किंवा त्याच्या जातीचं द्रव्य असतं. कुत्र्याला ते सोसतं. मांजराचं यकृत ते मोडू शकत नाही. अंगाला कंप सुटतो, झटके येतात, जीव जातो. त्यासाठी मांजराच्या अंगावर ते टाकावंच लागतं असंही नाही. औषध लावलेल्या कुत्र्याला अंग घासून मांजरानं स्वतःला चाटलं तरी पुरे. माझ्या मते कुत्र्याचं कोणतंही औषध घेताना तोंडातून निघणारं पहिलं वाक्य "घरी मांजर आहे" हे असलं पाहिजे, आणि दुकानदारानंही आधी तेच विचारलं पाहिजे. पॅरासिटामॉलचंही तेच : आपल्याला साधी वाटणारी गोळी मांजराला विष आहे.

लसींबद्दल थोडक्यात. ढेप्याला सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या, तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची. पार्व्होनं पिल्लं पटापट जातात, आणि तो विषाणू मांजरांच्या तशाच एका विषाणूचा नातलग आहे, म्हणून मनी-भुऱ्याच्याही लसी त्याच महिन्यात पूर्ण केल्या. रेबीज मांजरापासूनही होतो, हे आपण विसरतो. अमरावती आणि अकोला दोन्हीकडं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, अकोल्यात तर पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाच आहे. गाय-म्हैस घेऊन माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या जातात. मांजर पिशवीत घालून न्यायला मात्र अजून लाजतात. लाजू नये.

चोविसाव्या दिवशी दोरीला बांधलेल्या ढेप्याला पहिल्यांदा जाळीबाहेर आणलं. संध्याकाळी फिरवून, दमवून, पोटभर खाऊ घालून. मांजराला कडेवर घेऊन कुत्र्यापुढं धरायचं नाही, हे मला डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. पळायची वाट बंद झालेलं मांजर धरणाऱ्यालाच फाडतं. आम्ही दोघी नुसत्या बसलो. मनी सज्ज्यावर, भुऱ्या खिडकीत. ढेप्यानं वर पाहिलं की दोरी सैल ठेवून त्याला नावानं हाक; माझ्याकडं वळला की तोंडात पनीरचा तुकडा. पाच मिनिटं, आणि परत आत. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं. आठवड्यानं दहा. तो मांजराकडं बघून स्वतःहून माझ्याकडं वळायला लागला, तेव्हा मी पहिल्यांदा रात्रीची नीट झोपले.

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. मला त्याचा अभिमान आहे. माझ्यासारखे रोज इकडून तिकडं जाणारे त्या रस्त्याची किंमत जाणतात, आणि ढेप्याही त्याच रस्त्यानं आला. पण सात फरशांचं आमचं अंतर कापायला सत्तेचाळीस दिवस लागले. त्यात एक दिवसही कमी करता आला नसता. केला असता तर भुऱ्या पुन्हा खिडकीतून गेला असता.

म्हणून मी आता गाडीत उलट सल्ला देते, आणि काहींना तो आवडत नाही. घरी मांजर असेल आणि पिल्लू आणायचं असेल, तर पिल्लाला एक बंद होणारी जागा आहे का? दुपारी घरी माणूस आहे का? दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास देता येईल का? बोका असेल तर रात्री दोन वाजता उघडणारा डॉक्टर माहीत आहे का? नसेल तर आणू नका. निदान एप्रिल-मेमध्ये आणू नका. पोरांच्या सुट्ट्या म्हणून आपण नेमकं त्याच दोन महिन्यांत पिल्लू आणतो. घर सगळ्यात गच्च भरलेलं असतं, पाहुणे असतात, पाणी मोजून वापरावं लागतं, कुलर एक असतो. आणि जूनमध्ये शाळा उघडली की पिल्लू दारात बांधलेलं राहतं. पावसाळा संपला की आणा. मी स्वतः एप्रिलमध्ये आणलं. सायकल स्टँडमागं त्याची दोन भावंडं तोवर गाडीखाली आली होती, म्हणून आणलं. ते कारण खरं होतं, पण त्यानं भुऱ्याचं दुखणं कमी झालं नाही.

आणि एखाद्या घरात खरंच जमत नसेल, मांजर म्हातारं असेल, आजारी असेल, तर घर दुसरं शोधायचं ते पिल्लासाठी. लहान पिल्लाला घर मिळतं. आठ वर्षांच्या मनीला कोण नेणार होतं?

आज वर्ष उलटलं. ढेप्या आता गुडघ्याच्या वर येतो. भुऱ्या त्याच्यासोबत अंगणात खेळतो, त्याच्या शेपटीवर दबा धरून बसतो, पावसात दोघं एकाच पोत्यावर झोपतात. मनीचं तसं नाही. तिला तो आवडत नाही, आवडणारही नाही. ती त्याच्या समोरून जाते, पाय न उचलता, घाई न करता, आणि ढेप्या बाजूला होतो. तेवढं पुरे आहे. तिनं त्याच्यावर प्रेम करावं अशी अट मी कधी घातली नव्हती.

गेल्या दिवाळीला सासूबाईंनी खाटेखालची भांडी काढली, चिंचेनं घासली, उन्हात वाळवली. तीन गुंड, दोन घागरी, कोपर. मी स्टूल आणलं आणि विचारलं, "आई, वर ठेवायची ना आता? दार तर आपण कधीचं काढलं." त्यांनी सज्ज्याकडं पाहिलं. लुगड्याच्या घडीवर मनी पाय पोटाखाली घेऊन बसली होती, डोळे अर्धे मिटून.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या, "तिले लागते ते जागा." आणि गुंड एकेक करून परत खाटेखाली सरकवायला लागल्या.